चार वेढे

येत्या महिन्यात एका रेकॉर्डच्या पाठीवर माझं नाव छापून येणार आहे. ते येऊ नये म्हणून मी माझ्या परीनं सगळं केलं. फक्त उशिरा केलं, बेचाळीस वर्षं उशिरा.

ही सगळी उठाठेव ज्यानं सुरू केली त्याला मी टोपीवाला म्हणतो. घरात बसला तरी लोकरीची टोपी काढत नाही. विस्मरणात गेलेल्या रेकॉर्डी हुडकायच्या आणि नव्यानं छापायच्या, असा त्याचा धंदा आहे. एका सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात दोन फडक्यांत गुंडाळलेली एक रेकॉर्ड होती. तान्हं मूल धरावं तशी धरली होती त्यानं. वेष्टनावरचं चित्र मी लांबूनच ओळखलं. पाण्यात उतरत जाणारा जिना आणि प्रत्येक पायरीवर एक डोळा. ते माझ्या धाकट्या भावानं माझ्याच टेबलावर बसून रंगवलं होतं, आणि निळा रंग अजून टेबलाला आहे.

"तीनशेच प्रती निघाल्या होत्या ना?" टोपीवाल्यानं विचारलं.

"तीनशे. त्यातल्या अडीचशे ऑर्गनवाल्याच्या पलंगाखाली ओल लागून सडल्या."

त्यानं असा चेहरा केला की जणू मी कुणी गेल्याचं सांगितलं. मग तो बोलत सुटला. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ही रेकॉर्ड शोधत हिंडतात, चोरून केलेल्या प्रती एकमेकांना पाठवतात, सायकेडेलिक रॉकमध्ये असा आवाज दुसऱ्या कुणाकडे नाही म्हणतात. "विहिरीच्या तळातून आल्यासारखा," तो म्हणाला. "जड, संथ, माणसाचा वाटतच नाही. तुम्ही केलं होतं ना रेकॉर्डिंग? कसा काढलात हो तो आवाज?"

मी म्हटलं, "चहा घ्या, निवतोय."

तो आवाज कसा निघाला हे सांगायचं तर आधी आमच्या धाकट्याचा खरा आवाज सांगावा लागेल. तो बारीक होता, उंच होता, आणि स्वच्छ. वरच्या सुरात गेला की खिडकीची काच थरथरायची. हे मी कौतुकानं सांगत नाही, आमच्या स्वयंपाकघराची एक काच ढिली होती आणि ती खरोखर वाजायची. आई ओरडायची, "अरे, पुरे कर, आता काच पडेल!" आणि तो आणखी वर जायचा. बोलायचाही तसाच, भराभर आणि टिपेला. फोनवर लोक त्याला ताई म्हणायचे आणि तोही बिनदिक्कत ताई होऊन बोलायचा.

चौघांचा बँड होता त्यांचा. धाकटा गाणार आणि गिटार वाजवणार, शाळेतला एक गणिताचा मास्तर ऑर्गनवर, एक ड्रमवाला आणि एक बास वाजवणारा, जो पुढे कुठेतरी निघूनच गेला. बाहेरच्या जगात सायकेडेलिकची लाट तोवर ओसरली होती. आमच्याकडे सगळ्याच बातम्या उशिरा पोचायच्या, तशी ही पोचली. मी तेव्हा रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ होतो. नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. सुटीच्या दिवशी स्टुडिओ बंद असायचा आणि किल्ली माझ्याकडे असायची. बाहेरच्यांना आत घेणं म्हणजे थेट घरी बसणं, हे मला माहीत होतं. तरी धाकट्यानं "दादा, एकच दिवस!" म्हटल्यावर मी विरघळलो. त्याच्यापुढे माझं कधीच काही चाललं नाही.

त्या दिवशी सकाळी चौघांनी कसल्यातरी गोळ्या घेतल्या. ड्रमवाला दुपारपर्यंत भिंतीतल्या भोकांना नमस्कार करत होता. पण वाजवलं मात्र झकास. सात गाणी झाली, आणि शेवटच्या गाण्यात धाकटा असा काही वर गेला की काचेपलीकडे माझ्या अंगावर काटा आला. मी आयुष्यात हजारो तास आवाज टेपवर घेतले असतील, मंत्र्यांपासून मांजरांपर्यंत. त्या तोडीचं पुन्हा काही माझ्या हातून गेलं नाही.

आमच्याकडे नियम होता की मूळ टेप कधी बाहेर द्यायची नाही. प्रत काढायची, प्रत यंत्रावर असतानाच शेवटपर्यंत वाजवून तपासायची, आणि मग ती पाठवायची. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी तसंच केलं. मूळ टेप एक नंबरच्या मशीनवर लावली, कोरी दोन नंबरवर. प्रत काढली, दोन नंबरवरच सगळी ऐकली. ती अगदी मूळ टेपसारखी निघाली. संध्याकाळच्या टपालानं रेकॉर्ड छापणाऱ्याकडे रवाना केली आणि शीळ घालत घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोन नंबरचं मशीन पुसायला घेतलं. टेप ओढणारी एक बोटाएवढी दांडी असते, तिच्या जाडीवर टेपचा वेग ठरतो. त्या दांडीवर चिकटपट्टीचे चार वेढे होते.

ते मीच घातले होते. बालकार्यक्रमात एक बोलका उंदीर असायचा. साध्या माणसाचा आवाज उंदरासारखा करायचा तर दांडी थोडी जाड करायची. टेप जोरात पळते, आवाज वर चढतो. काम झालं की वेढे काढायचे. मी काढायचे विसरलो होतो. म्हणजे धाकट्याची प्रत जोरात पळणाऱ्या टेपवर निघाली होती. त्याच मशीनवर ऐकली तेव्हा तीही जोरातच पळत होती, त्यामुळे कान फसले, काही कळलंच नाही. दुसऱ्या कुठल्याही नीट मशीनवर ती संथ वाजणार होती आणि सगळ्यांचे आवाज खाली जाणार होते.

एक फोन पुरला असता. छापणाऱ्यानं अजून पाकीटही फोडलं नसेल. पण केंद्रातला प्रत्येक फोन वहीत लिहावा लागायचा, कुणाला केला आणि कशासाठी. मी रिसीव्हर उचलला आणि ठेवला. चार वेढ्यांनी असा काय फरक पडतो, कुणाच्या लक्षात येणार, अशी मनाची समजूत घातली. वेढे सोलून काढले आणि गोळी करून खिशात टाकले.

रेकॉर्ड आली. मास्तरांच्या घरी आम्ही सगळे जमलो, सुई टेकली आणि त्या खोलीत कुणी अनोळखी माणूस रेड्यासारखा गाऊ लागला. ड्रमवाला म्हणाला, "मी इतका सुस्त वाजवतो?" मास्तर गणिताचे, ते गप्प बसणाऱ्यातले नव्हते. उठून ऑर्गनपाशी गेले, दोन पट्ट्या दाबल्या आणि माझ्याकडे वळले. "सगळं अख्खा एक सूर खाली आहे. हे कसं झालं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. धाकटाही. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी जुळवून ठेवलेलं नव्हतं, देवाशपथ. ते आपसूक आलं आणि अगदी सुबक आलं. मी म्हणालो, "त्या दिवशी विजेचा दाब कमी होता. तुमचा ऑर्गनच खाली गेला होता मास्तर, आणि बाकीच्यांनी त्याच्यावरून सूर लावले. तुम्ही कुणी शुद्धीत होतात का? मशीन काही गोळ्या खात नाही. तुम्ही जे वाजवलंत तेच त्यात आहे."

त्यांना त्या दिवसातलं खरंच धड काही आठवत नव्हतं. मास्तर पुटपुटत बसले. धाकट्यानं सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली. डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली आणि मग मला म्हणाला, "दादा, हा मी आहे? माझ्यात हा होता?"

त्याला तो आवाज आवडला होता. तिथेच मी सांगायला हवं होतं. मी मान डोलावली.

त्यानंतर तो त्या आवाजाच्या मागे लागला. कार्यक्रमांत लोकांनाही तोच हवा असायचा. पहाटे उठून तो गळा दाबून खालचे सूर काढायचा, तासन्‌तास. बोलायचाही खाली ओढून. आई म्हणायची, "अरे, हा घोगरा बोलतो का? औषध आण." मी औषध आणायचो. आठ महिन्यांत गळ्यात गाठी आल्या. त्या काढल्यावर जो आवाज उरला त्याला ना वर जाता यायचं, ना खाली. बँड मोडला. त्यानं किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं. त्या कामात बोलावं लागत नाही, किल्ली घासण्याच्या मशीनचाच आवाज एवढा असतो. लग्न झालं, मुलगी झाली. सहा वर्षांपूर्वी तो गेला. गळ्यामुळे नाही, फुफ्फुसांमुळे. डॉक्टरांना मी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

मूळ टेप या सगळ्या काळात माझ्या कपाटात होती, स्वेटरांच्या खाली. त्याला मी ती कधीही ऐकवू शकलो असतो. आठवड्यातून एकदा आम्ही भेटायचो, हवापाण्याच्या गप्पा मारायचो, आणि मी मूग गिळून घरी यायचो.

म्हणून टोपीवाल्याला मी त्या सकाळी सांगितलं, "माझ्याकडे मूळ टेप आहे. छापायचीच असेल तर ती छापा." माझा हेतू एवढाच होता. खरा आवाज एकदा जगासमोर यावा, आणि तो आला की आपोआप माझीही चोरी उघडी पडावी. स्वतःच्या तोंडानं सांगण्याचं धैर्य नसलेला माणूस असल्याच युक्त्या शोधतो.

टोपीवाला खुर्चीतून अर्धा उठला. मात्र त्यानं बजावलं, की त्या काळच्या टेपा आता चिकट होतात, तशीच लावली तर आवाजाचा थर खरवडून निघतो. आधी मंद आचेच्या पेटीत दिवसभर तापवावी लागते. आणि छापायला वारसाची सही हवी. वारस म्हणजे माझी पुतणी. तिशीची आहे आणि बापाचं दुकान तीच चालवते. सहीसाठी मी दुकानात गेलो तेव्हा ती एका गिऱ्हाइकाची किल्ली घासत होती. मागच्या फळीवर, किल्ल्यांच्या खिळ्यांमध्ये, तीच रेकॉर्ड चौकटीत लावलेली.

"बाबांची मूळ टेप? तुमच्याकडे?" तिनं मशीन बंद केलं. "इतकी वर्षं बोलला नाहीत काका!"

"राहून गेलं," मी म्हणालो.

टेप तापवून झाली त्या दिवशी तिनं दुकान लवकर बंद केलं. पावडर लावून, नवा कुर्ता घालून आली ती टोपीवाल्याच्या तंत्रज्ञाच्या खोलीवर. आम्ही चौघे होतो. तंत्रज्ञानं तापवलेली टेप मशीनवर चढवली, कॉम्प्युटरला जोडली. त्याची बोटं चालताना मी बघत होतो. चांगला होता तो, टेपला हात लावण्याआधी त्यानं दांडी पुसून घेतली. मी नकळत वाकून बघितलं, दांडी उघडी होती.

टेप फिरू लागली.

मी सांगू शकत नाही. बेचाळीस वर्षांनी माझा भाऊ खोलीत आला. तसाच, उंच, पातळ, हसू दाबल्यासारखा, ओळीच्या शेवटी श्वास चोरणारा. मला स्वयंपाकघरातली ती काच दिसली, पोळपाटाशी वळलेली आई दिसली. मी रडत होतो आणि त्याची मला लाज वाटत नव्हती. पहिलं गाणं संपलं. मी पुतणीकडे बघितलं.

ती मांडीवर हात ठेवून सभ्यपणे वाट बघत होती. दवाखान्यात नंबर यायचा असला की बसतात तशी. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "काका, हे कोण गातंय? बाबांचं कधी लागणार?"

तंत्रज्ञानं टेप थांबवली.

मग मला सांगावंच लागलं. उंदीर, चार वेढे, वहीतला फोन, ऑर्गन आणि विजेचा दाब, सगळं. मी तिच्याकडे बघून बोलत होतो. मला तिनं काहीतरी करावं असं वाटत होतं. शिव्या द्याव्यात, उठून एक थोबाडीत मारावी, काहीही. बोलून झालं आणि खोलीत आधी आवाज आला तो टोपीवाल्याचा.

"अरे, काय गोष्ट आहे ही!" त्याचे डोळे चमकत होते. "चूक! चुकीतून जन्माला आलेला आवाज! हे सगळं पुस्तिकेत घ्यायचं. दोन्ही देऊ, जुनी एका बाजूला, ही दुसऱ्या..."

"नाही," पुतणी म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. ती माझ्याकडे वळली. "बाबा शेवटी दवाखान्यात होते, गळ्यात नळी होती. तेव्हा ते पाटीवर लिहायचे. आठवतं?"

मला आठवत होतं. एवढं सगळं सांगताना हे एक मी अजून सांगितलेलं नाही, आणि तिला ते माहीत होतं.

"एक दिवस त्यांनी लिहिलं, दादाला विचार, त्या दिवशी मी नेमका कसा गात होतो. मी पाटी घेऊन बाहेर आले. तुम्ही जिन्याजवळ बाकावर होतात. मी पाटी दाखवून विचारलं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

तंत्रज्ञ आणि टोपीवाला जमिनीकडे बघत होते.

"तुम्ही म्हणालात, आता कुठे आठवतंय, जुनी गोष्ट झाली. मी आत जाऊन बाबांना तेच सांगितलं. त्यांनी पाटी पुसली." ती थांबली. "आयुष्यभर त्यांना वाटत होतं, तो आवाज आपल्याला एकच दिवस मिळाला आणि मग आपल्याच हातून गेला. रोज दुकान बंद करताना ते एक बाजू लावायचे. मी त्या काउंटरखाली बसून मोठी झाले काका. मला म्हणायचे, बघ, हा मी. दादा होता म्हणून हा राहिला."

मी म्हणालो, "मला जी शिक्षा..."

"मी काय शिक्षा देणार तुम्हाला? मी तर त्यांना ओळखलंही नाही आत्ता." इथे मात्र तिचा आवाज फाटला. "माझ्यासमोर माझे बाबा गात होते आणि मी विचारते, कोण आहे. हे तुम्ही केलंत."

तिनं पर्समधून पेन काढलं आणि टोपीवाल्याच्या कागदावर सही केली, जुन्या रेकॉर्डसाठी. आजची टेप कुठेही जाणार नाही, अशी एक ओळ त्याच्याकडून लिहून घेतली आणि कॉम्प्युटरवरची प्रत आपल्यासमोर पुसायला लावली. तंत्रज्ञानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुसली. निघताना ती दारात थांबली.

"माझे बाबा त्या रेकॉर्डमधले आहेत," ती म्हणाली. "ते मला राहू द्या. तुमचा भाऊ तुम्ही ठेवा."

काल टोपीवाल्यानं वेष्टनाचा नमुना पाठवला. जिना तसाच आहे, डोळे तसेच आहेत. पाठीवर सगळ्यात खाली लिहिलंय, आवाजाची किमया, आणि पुढे माझं नाव. मी फोन करून काढायला सांगितलं. तो म्हणाला, "अहो, इतके विनयशील राहू नका, लोकांना कळू दे." पुतणीला फोन केला, तिनं उचलला नाही. दुकानासमोरून गेलो, आत मशीन चालू होतं.

टेप माझ्याकडे परत आली आहे, स्वेटरांच्या खाली आहे. तंत्रज्ञ म्हणाला होता, तापवल्यानंतर ती महिनाभर वाजेल, मग पुन्हा चिकट होईल. आज बाविसावा दिवस आहे. ती लावायला माझ्या घरात मशीन नाही, आणि त्या खोलीवर पुन्हा जाऊन मागायला तोंड नाही. सकाळी डबा उघडून रीळ हातात धरतो, थोडा वेळ बसतो, आणि ठेवून देतो.